पहिली धार मातीला

धर्मगुरूने मद्याविषयी लिहावे, आणि तेही निंदेसाठी नव्हे, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला जाणीव आहे. व्यासपीठावरून याच विषयावर मी अनेकदा कठोर शब्द उच्चारलेले आहेत. परंतु गेल्या फेब्रुवारी महिन्यात माळव्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने मला माझेच जुने शब्द पुन्हा तपासून पाहण्यास भाग पाडले. ते वाचकांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

माझा एक भाचा धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे नोकरीस आहे. पिथमपूर ही मोठी औद्योगिक वसाहत असून तेथे एका जपानी कंपनीचा टायर बनविण्याचा कारखाना आहे. बरेच दिवस तो मला बोलावीत होता. त्यातच कुक्षीकडच्या भिल्ल वस्तीत सेवा करणारा माझा सेमिनरीतील एक सहाध्यायी गेली कित्येक वर्षे 'एकदा तरी ये' म्हणून लिहीत होता. उपवासकाळास आरंभ होण्यापूर्वी आठ दिवसांची सवड काढून मी निघालो. गाडी रात्रभर गुजरातेतून धावते. ते राज्य १९६० साली जन्मल्यापासून दारूबंदीचे आहे. पहाटे रतलाम मागे पडले, उज्जैन आले आणि ऊन वर येता येता मी देवासला उतरलो.

देवास हे मराठी माणसाला परके वाटतच नाही. गावाच्या मधोमध टेकडी आणि टेकडीवर देवी. मराठ्यांचे राज्य माळव्यात पसरले त्या काळी, १७२८ च्या सुमारास, तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी येथे आपला अंमल बसविला आणि पुढे एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली. एक थोरली पाती, दुसरी धाकटी. राजे दोन, दरबार दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्याने पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. थोरल्या पातीचेच विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. आणि याच टेकडीच्या पायथ्याशी, क्षयाने खंगलेले असताना कोरड्या हवेसाठी १९४८ साली येऊन राहिलेले कुमार गंधर्व १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, राहिले. टेकडीच्या पायऱ्या चढताना एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी 'या, बसा' म्हटले. त्यांच्या मराठीत हिंदीचा हेल होता, पण अगत्य अस्सल मराठी होते.

देवासहून इंदूरमार्गे पिथमपूरला भाच्याच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. जेवणानंतर तो थोडा संकोचत म्हणाला, "मामा, एक वस्तू दाखवायची आहे. रागावू नका." त्याने शीतपेटीतून एक बाटली काढून मेजावर ठेवली. तिच्यात खाली पांढरा साका बसला होता आणि वर पाण्यासारखा नितळ द्रव होता. कारखान्यातील एक जपानी सहकारी मायदेशी परतताना ती भेट देऊन गेला होता. ती होती 'साके', म्हणजे तांदळाचे मद्य. त्यातही 'निगोरी', म्हणजे गढूळ राखलेली. "याची किंमत मी विचारली," भाचा म्हणाला, "आणि आमच्या पाळीतल्या कंत्राटी कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीशी ताडून पाहिली. तेव्हापासून बाटली उघडण्याचा धीर होत नाही."

त्या रात्री त्याने मला या पेयाची जी हकिकत सांगितली, ती मनोरंजक आहे. द्राक्षात साखर असते, म्हणून द्राक्षाचा रस आपोआप आंबतो. तांदळात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून जपानी लोक वाफवलेल्या भातावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवितात. ती बुरशी पिष्टाची साखर करते, आणि त्याच पिंपात त्याच वेळी किण्व त्या साखरेचे मद्य करीत असते. दोन्ही कामे एकत्र चालतात. हे काम थंडीच्या दिवसांत चालते आणि त्यावरील मुख्य कारागिराला 'तोजी' म्हणतात. उंची साकेसाठी तांदळाचा दाणा घासून घासून लहान करतात. 'गिन्जो' म्हणविण्यासाठी दाण्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग उरता कामा नये, 'दाईगिन्जो'साठी पन्नास टक्क्यांहून अधिक नाही. म्हणजे जवळजवळ अर्धा दाणा भुकटी होऊन बाजूला पडतो. पुढे आंबलेला लगदा कापडातून गाळून नितळ मद्य काढतात. निगोरीसाठी मात्र कापड मुद्दाम विरळ वापरतात, म्हणजे भाताचा बारीक गाळ आणि किण्व यांचा अंश पेयात राहतो. प्यायच्या आधी बाटली हलके उलटीसुलटी करावयाची. जोराने हलवावयाची नाही.

या गढूळपणालाही इतिहास आहे. जपानी खेडूत पूर्वी घरोघरी 'दोबुरोकु' नावाचे न गाळलेले भाताचे मद्य करीत. मद्यावरील कर हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला, तेव्हा १८९९ साली घरगुती मद्य करण्यावर बंदी आली. जे पेय शेतकऱ्याच्या घरचे होते ते एका दिवसात गुन्हा ठरले. काही देवस्थानांत उत्सवापुरती मुभा राहिली. शिराकावा या डोंगरी गावी अजूनही दर ऑक्टोबरात देवाला दोबुरोकु वाहून गावकरी आणि पाहुणे ते वाटून घेतात. पुढे १९६० च्या दशकात क्योतोच्या फुशिमी भागातील, १६७५ पासून चालत आलेल्या 'त्सुकी नो कात्सुरा' या मद्यशाळेने, गाळण्याचा नियम पाळून पण विरळ गाळणीने, गढूळ साके पुन्हा बाजारात आणली. आज तीच उंची वस्तू गणली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये तर कोजीपासून मद्य करण्याच्या जपानी विद्येला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

मी ऐकत होतो, पण माझे मन १८९९ या सालाजवळ अडखळले होते. कारण त्याच्याच मागेपुढे आपल्याकडे काय घडले ते मला ठाऊक होते. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला आणि ताडाच्या प्रत्येक झाडावरील कर चढत गेला. भंडारी समाजाने त्याविरुद्ध मोठी ओरड केली. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला, आणि परवान्यावाचून मोहाची सुकी फुले घरात बाळगणे हाच अपराध झाला. वारली आणि कातकरी यांना ही फुले दुष्काळात अन्न म्हणून उपयोगी पडत. परंतु सरकारच्या दृष्टीने ते फूल म्हणजे बुडालेला महसूल होता. दोन दूरचे देश, दोन निराळी पेये, पण हिशेब एकच.

दुसऱ्या दिवशी भाचा मला धारला घेऊन गेला. धार ही भोजराजाची नगरी आणि पुढे पवारांची राजधानी. येथील किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. धारहून पुढे मांडू. जहाजमहालाच्या गच्चीवर उभे राहिले की दोन्ही बाजूंना तलाव दिसतात, आणि रस्त्याकडेला गोरखचिंचेची अजस्र झाडे, जणू मुळे वर करून उभी आहेत अशी. १६१७ साली जहांगीर बादशहा येथे दरबारासह राहिला होता आणि इंग्रज वकील सर टॉमस रो त्याच्यासोबत होता. या बादशहाने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या व्यसनाची कबुली प्रामाणिकपणे दिली आहे. तारुण्यात दिवसाकाठी वीस पेले कडक दारू घेऊ लागल्यामुळे त्याचे हात इतके कापत की पेला दुसऱ्याला धरावा लागे. जगातील उत्तमोत्तम वस्तू ज्याच्या पायाशी होत्या त्याचीही ही गत. मद्याची किंमत वाढल्याने त्याचा घात कमी होतो असे मानणाऱ्यांनी मांडूला जाऊन क्षणभर याचा विचार करावा.

तेथून मी एकटाच कुक्षीकडे निघालो. बाटली भाच्याने बळेच माझ्या पिशवीत ठेवली होती. "तुमच्या मित्राला द्या, मामा. माझ्याच्याने ती उघडवत नाही." वाटेत बाग लागते, जेथील डोंगरात बौद्ध भिक्षूंनी कोरलेली लेणी आहेत. त्यानंतर जमीन उंचसखल होते आणि शेतांच्या बांधावर ताडाची झाडे दिसू लागतात. मला एकदम वसईच्या किनाऱ्याची आठवण झाली. मडकी बांधलेले, खाचा पाडलेले तेच उंच बुंधे. फक्त समुद्र नव्हता.

माझ्या मित्राचे केस पिकले आहेत, पण हसणे सेमिनरीतलेच आहे. पहाटे तो मला एका वृद्ध भिल्ल शेतकऱ्याच्या झोपडीकडे घेऊन गेला. त्याला सारे गाव 'बाबा' म्हणत होते. बाबांचा नातू झाडावर चढून मडके उतरवीत होता. ताडाच्या फुलोऱ्याचा शेंडा रोज थोडा कापतात आणि पाझरणारा रस मडक्यात धरतात. थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा हंगाम चालतो. झाडे कुटुंबाची असतात आणि शेताप्रमाणे वारशाने वाटली जातात. ताजा रस गोड असतो. त्यात साखर आयतीच असते, म्हणून कोजीची गरज नाही. मडक्यातले आणि हवेतले किण्व काही तासांत आपले काम सुरू करते आणि रस दुधाळ, फेसाळ होतो. सकाळी गोड, दुपारी तिखटसर, संध्याकाळी आंबट, दुसऱ्या दिवशी शिरका. ताडी साठवता येत नाही, दूरच्या बाजारात नेता येत नाही, म्हणून ती जवळच्यांनीच वाटून प्यावी लागते. तिचा गढूळपणा हा मळ नव्हे. तो जिवंत किण्वाचा रंग आहे. आपल्या आईआजींना हे ठाऊक होते. लग्नाच्या फुग्यांचे पीठ त्या ताडी घालूनच फुगवीत.

बाबांनी पानाच्या द्रोणात ताडी ओतली. स्वतः पिण्यापूर्वी त्यांनी थोडी जमिनीवर सांडली आणि पूर्वजांची नावे घेतली. माझा मित्र म्हणाला, "याला इकडे धार देणे म्हणतात." मला हसू आले, कारण आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे शब्द कोणत्या अर्थाने वापरतात ते वाचक जाणतातच. आपली पहिली धार सर्वांत कडक आणि ती विकत घेणाऱ्याची. येथली पहिली धार मातीची आणि मेलेल्यांची. पिणारा दुसरा.

मी पिशवीतून ती बाटली काढली. भाच्याने सांगितल्याप्रमाणे हलकेच उलटी केली. तळाचा साका धुक्यासारखा वर चढला आणि सारी बाटली दुधाळ झाली. जपानी रीत अशी की आपला पेला आपण भरावयाचा नाही, दुसऱ्याचा भरावयाचा. म्हणून मी बाबांच्या द्रोणात ओतली आणि त्यांनी मला ताडी वाढली. बाबांनी साकेचीही पहिली धार मातीला दिली. ज्या मद्यासाठी अर्धा दाणा घासून टाकला होता त्याचे काही थेंब माळव्याच्या मातीत मुरले. मग त्यांनी घोट घेऊन बराच वेळ तोंडात घोळविला. मीही एक घोट घेतला. भाताच्या पेजेचा मऊपणा, पिकल्या फळाचा गंध आणि मागाहून येणारी ऊब, असे त्याचे वर्णन करता येईल.

"ही तर भाताची ताडी," बाबा म्हणाले. "चांगली आहे. करणारा जाणता आहे." मग त्यांनी विचारले, "तो ती आपल्या माणसांत बसून पितो का?"

मला उत्तर देता आले नाही, कारण त्या प्रश्नाने मला वीस वर्षे मागे नेले. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात ताडी काढणारे एक कुटुंब होते. तरुण उत्साहाच्या भरात मी रविवारच्या प्रवचनात ताडीविरुद्ध असे काही बोललो की सारी मंडळी त्या गृहस्थाकडे वळून पाहू लागली. त्याने दुसऱ्या दिवसापासून झाडावर चढणे सोडले. मला तो माझा विजय वाटला. पुढे तो शहराकडे मजुरीला जाऊ लागला, आणि संध्याकाळी परतताना दुकानातील बाटली घेऊन एकटाच पिऊ लागला. ताडी चारपाच टक्के मद्याची, तीही चार माणसांत वाटलेली. दुकानातील देशी दारू तिच्या कित्येक पट कडक, आणि ती प्यायला सोबती लागत नाही. काही वर्षांनी यकृताच्या विकाराने तो गेला. त्याच्या अंत्यविधीला मी गेलो, पण त्याच्या पत्नीशी नजर मिळवू शकलो नाही. त्या मृत्यूचे सारे ओझे माझ्या एका प्रवचनावर आहे असे मी म्हणत नाही. परंतु मी ताडीला नावे ठेवली आणि दुकानाविषयी एक शब्द बोललो नाही, हे खरे आहे.

याचा अर्थ भिल्लांचे पिणे निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. त्याच दुपारी मित्राने एका धर्मभगिनीशी माझी भेट करून दिली. त्या पाड्यापाड्यांत औषधोपचार करतात. मी ताडीचे कौतुक करू लागताच त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, तुम्ही सकाळची ताडी पाहिलीत. मी रात्रीची जखम बांधते." होळीपूर्वीच्या आठवड्यात येथे भगोऱ्याचे बाजार भरतात, ढोल वाजतात, तरुण-तरुणी नटून येतात, तेव्हाही ताडी वाहते आणि कधी भांडणेही होतात, हे त्यांनी सांगितले. पण त्यांनी आणखीही एक सांगितले. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२२ मध्ये पेसा कायद्याचे नियम लागू झाल्यापासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूच्या दुकानाविषयी आपले मत देण्याचा अधिकार मिळाला आहे. स्त्रिया ग्रामसभेत उभ्या राहून बोलू लागल्या आहेत. त्यांचा रोख दुकानाकडे असतो. आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मर्यादित प्रमाणात मोहाची दारू काढण्याची मुभा या राज्यात आहेच.

मोहाची गोष्ट तर आता नव्या वळणावर आली आहे. मार्च-एप्रिलात रात्री मोहाची फुले गळतात आणि पहाटे बायका-मुले ती टोपलीत वेचतात. ज्या फुलासाठी आपल्याकडे १८९२ साली कायदा झाला, त्याच फुलाच्या मद्याला मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली 'हेरिटेज मदिरा' असे नाव दिले. शेजारच्या अलिराजपूर जिल्ह्यात कट्ठीवाडा येथे आदिवासी बचतगटाने केलेले मद्य 'मोंड' या नावाने सुंदर बाटलीत विकले जाऊ लागले. ज्यांची विद्या त्यांच्या हाती पैसा जावा, हे चांगलेच. तरी मला भाच्याच्या मेजावरील बाटली आठवली. उद्या इंदूरच्या हॉटेलात कोणी ते मद्य उंची काचेच्या पेल्यातून चाखील आणि त्याला रसिक म्हणतील. त्याच संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली द्रोण घेऊन बसलेल्या माणसाला दारुडा म्हणतील. हा न्याय मला पटत नाही. उलट पैसेवाल्याचे व्यसन रसिकता म्हणून झाकले जावे, हेही पटत नाही. जहांगीरचे कापते हात दोघांनाही लागू आहेत.

तर मग फरक कशात पाहावा? मला त्या पहाटेने एवढेच शिकविले. ते पेय कोणी केले, कोणाबरोबर प्यायले, पहिली धार कोणाला दिली आणि घरी परतल्यावर बायको-मुलांनी दार आनंदाने उघडले की भीतीने, हे विचारावे. बाटलीवरील किमतीपेक्षा या चार प्रश्नांची उत्तरे अधिक खरी असतात. आमच्या वेदीवर द्राक्षारस असतो. तोही एकट्यासाठी नसतो.

निघताना उरलेली बाटली मी मित्राच्या स्वाधीन केली. त्याने ती बाबांकडे पाठविली असे पुढे कळले. बाबांचा उलट निरोप होता की, करणाऱ्याला सांगा, आमच्या हंगामात ये.

घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझ्या त्या जुन्या गावी गेलो. त्या ताडीवाल्याची पत्नी आता वृद्ध झाली आहे. ओटीवर तांदूळ निवडीत बसली होती. मी म्हणालो, "मावशी, वीस वर्षांपूर्वी मी तुमच्या घरच्या माणसाला सर्वांदेखत खाली पाहायला लावले. त्याची क्षमा मागायला आलो आहे." तिने हातातले सूप खाली ठेवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, त्याला तुमचा राग नव्हता. त्याला झाडाची आठवण येई." थोड्या वेळाने तिने मला चहा दिला आणि विचारले, "नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. फुग्यांना ताडी लागेल. कुठं मिळते का हो हल्ली?"

पलीकडच्या गावात एक जण अजून परवान्याने झाडे राखून आहे. मी त्याच्याकडे स्वतः जाऊन दोन लिटर ताडी सांगून आलो आहे. लग्नाच्या पहाटे ती मीच घेऊन जाणार आहे.